वहीत लिहिलेले साठ लाडू

तिनं किंमत सांगितली दोनशे साठ डॉलर आणि मी सवयीनं म्हटलं, "दोनशे चाळीस."

लॉस एंजेलिसमध्ये आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून एक चर्च आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मेक्सिकन लोकांच्या पितरांच्या दिवसांत, त्याच्या सभागृहात हस्तकलेच्या वस्तूंचा बाजार भरतो. दारावर झेंडूच्या माळा. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, यांना आपला दसरा कसा कळला? मग कुणीतरी सांगितलं की झेंडू मूळचा त्यांचाच, आपण उसना आणलेला. हे २०१८ सालचं.

टेबलांवर दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या बाजूची काळी चकचकीत मडकी होती, लाकडात कोरलेले ठिपक्याठिपक्यांचे प्राणी होते, पांढऱ्या कापडावर भडक रंगांत भरलेले कोंबडे आणि हरणं होती. शेवटच्या टेबलामागे साठीतली एक बाई लोकरी विणकामाच्या घड्या रचून बसली होती. सगळे तिला 'तिया' म्हणत होते. स्पॅनिशमध्ये मावशीही तिया आणि आत्याही तियाच. मागच्या भिंतीवर फलक: 'पारंपरिक हस्तकला. कारागिरांना आणि स्थलांतरितांच्या कुटुंबांना आधार द्या.' त्या फलकाखाली उभी राहून मी वीस डॉलरसाठी घासाघीस करत होते.

तिया रागावली नाही. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "विणलीय माझ्या वहिनीनं. तिलाच विचारते." मी 'नको, नको' म्हणेपर्यंत व्हिडिओ लागलासुद्धा. पडद्यावर एक बाई, मागे लाकडी माग, कुठेतरी कोंबडा आरवतोय. दोघी स्पॅनिश नसलेल्या कुठल्यातरी भाषेत बोलल्या आणि खळखळून हसल्या. तिया म्हणाली, "दहा कमी करते म्हणतेय." मला इतकी लाज वाटली की मी पूर्ण दोनशे साठ काढून दिले. तिनं दहाची नोट परत केली. मी म्हटलं, राहू द्या. ती म्हणाली, "भाव ठरला ना? मग ठरला." नोट तिनं माझ्या पर्सच्या कप्प्यात खोचली. या बाईला फलकावरचा आधार नको होता, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

त्या विणलेल्या वस्तूला तिथं 'तापेते' म्हणतात. गालिच्यासारखी ती केसाळ नसते, आपल्या सतरंजीसारखी सपाट असते, पण सुताची नव्हे तर लोकरीची. उलटसुलट दोन्हीकडून नक्षी सारखीच. माझ्या तापेतेवर पायऱ्यापायऱ्यांनी वळत जाणारी नागमोड आहे. ती वाहाकातल्याच मितला इथल्या प्राचीन दगडी भिंतींवरून घेतलेली. रंग लाल, पण एकच लाल नाही. डाळिंबापासून करवंदापर्यंत चार-पाच छटा आहेत, आणि त्या कशा आल्या हे मला पुढच्या वर्षी त्या वहिनीच्या अंगणात कळलं.

तेओतित्लान देल वाये हे गाव वाहाका शहराच्या पूर्वेला, मोटारीनं पाऊणएक तासावर. लोक झापोतेक, वाहाकाचे मूळ रहिवासी. घरची भाषा झापोतेक, बाजारची स्पॅनिश आणि ज्यांचे लेक तिकडे आहेत त्यांच्या तोंडी चार शब्द इंग्रजी. चर्चच्या भिंतीत जुन्या झापोतेक देवळाचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. हमरस्त्यावर मोठमोठी दुकानं आहेत आणि टॅक्सीवाले परस्पर तिथंच नेतात, कारण त्यांना विक्रीवर दलाली मिळते. प्रत्येक दुकानात एकच प्रयोग दाखवतात. फड्या निवडुंगावर पांढरी बुरशी असावी तसे किडे चिकटलेले असतात. वाळवलेला एक किडा तुमच्या तळहातावर चुरडतात आणि तळहात रक्तासारखा लाल होतो. त्यावर लिंबू पिळलं की केशरी, चुना लावला की जांभळा. पहिल्यांदा डोळे विस्फारतात. तिसऱ्या दुकानात आपणच लिंबू पुढे करतो. यातल्या काही दुकानांत दाखवायचे दात वेगळे असतात. प्रयोग किड्याचा, पण गठ्ठ्यातली लोकर पुडीतल्या रंगात बुडवलेली.

वहिनीच्या अंगणात प्रयोगबियोग काही नव्हता. ती पाट्यावर किडे वाटत होती. आपल्याकडचा पाटा जसा असतो तसाच, फक्त त्याला तीन पाय आणि वरवंटा लांब. हा किडा म्हणजे कोचिनियल. रंग फक्त मादीत असतो. अंड्यातून निघून वेचण्याजोगी व्हायला तिला तीन महिने लागतात आणि एका पौंडाला सुमारे ७०,००० वाळलेले किडे भरतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल याचंच मोल होतं. युरोपातल्या कार्डिनलांचे, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंचे, झगे आणि इंग्रज अंमलदारांचे लाल कोट या निवडुंगावरच्या किड्यानं रंगले. ईस्ट इंडिया कंपनीच्या तोंडाला पाणी सुटलं आणि १७९५ मध्ये असाच एक किडा कलकत्त्याला आला. तो निघाला भलत्याच जातीचा. मनाजोगता रंग काही मिळाला नाही, पण त्यानं निवडुंगाचा मात्र फडशा पाडला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी आणि इंग्लंडमधल्या प्रयोगशाळांतून स्वस्त रंग निघाले आणि वाहाकाचा हा व्यापार बसला. तो थोडाबहुत पुन्हा उभा राहिला तो या विणकरांमुळे.

पिवळ्यासाठी ती झेंडूच्याच कुळातलं एक रानफूल वापरते. निळ्यासाठी नीळ. तपकिरीसाठी अक्रोडाची साल. हिरवा हवा तर आधी पिवळ्यात आणि मग निळीत.

मी विचारलं, एवढी एक विणायला किती दिवस? तिनं बोटांवर मोजलं. लोकर धुणं, पिंजणं, कातणं, रंगवणं सोडून नुसतं विणणं तीन आठवडे. मी मनातल्या मनात दोनशे पन्नासला एकवीसनं भागलं आणि पुढचा हिशेब तिथंच सोडून दिला.

फलकावरचा 'पारंपरिक' हा शब्द मला इथं पहिल्यांदा खटकला. वहिनी उभ्यानं विणते. मागापुढे उभी, पाय पावड्यांवर, हात धोट्यावर. हा माग सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आला आणि मेंढ्याही त्यांच्याच गलबतांतून आल्या. त्याआधी इथल्या बायका कमरेला पट्टा बांधून, दुसरं टोक झाडाला अडकवून कापूस विणायच्या. पावड्यांचा माग आला तो पुरुषांच्या हाती गेला. बायकांकडे उरलं पिंजणं आणि कातणं. ही वाटणी चारशे वर्षं टिकली.

ती मोडली कशी? पुरुष निघून गेले.

१९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतात राबायला माणसं कमी पडू लागली आणि तिनं मेक्सिकोशी करार केला. त्या मजुरांना 'ब्रासेरो' म्हणत. ब्रासो म्हणजे बाहू. नुसते बाहू हवे होते, हे नावातच कबूल केलेलं. करार १९६४ पर्यंत चालला आणि तेवढ्या काळात ४६ लाखांच्या आसपास करारपत्रं झाली. सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले दहा टक्के बचत म्हणून कापून घेत, गावी परतल्यावर देऊ म्हणून. कितीतरी जणांना ते कधीच मिळाले नाहीत. म्हातारे ब्रासेरो या शतकातही त्या पैशांसाठी मोर्चे काढत होते. तेओतित्लानचे विणकरही यात गेले. मागं राहिलेल्या बायका हळूहळू पावड्यांवर चढल्या. काही पुरुष परतले ते गाठीला पैसे बांधून. त्या पैशांतून लोकर आली, नवे माग आले, कुणी व्यापारी झाला. नंतरच्या पिढ्याही जात राहिल्या. विधवा, एकट्या आणि नवरे तिकडे असलेल्या बायकांनी आपापल्या सहकारी मंडळ्या काढल्या. एकीचं नाव 'विदा नुएवा', म्हणजे नवं आयुष्य. पुरुष दलालांना वगळून थेट विकायचं ठरवलं तेव्हा त्यांना गावात काय काय ऐकावं लागलं असेल, ते कुठल्याही गावातल्या बाईला सांगायची गरज नाही.

तेव्हा मागापुढे उभी असलेली बाई, जिचा फोटो आपण 'प्राचीन परंपरा' म्हणून काढतो, ती तिथं उभी आहे कारण कुणीतरी घर सोडून गेलं. चर्चच्या बाजारातल्या बाकीच्या वस्तूंचंही तसंच. ते ठिपक्यांचे प्राणी १९३६ साली मेक्सिको सिटीत पेद्रो लिनारेस नावाच्या कागदी लगद्याच्या कारागिराला तापाच्या ग्लानीत दिसले असं सांगतात. लाकडातले त्याहून नंतरचे. कोंबड्या-हरणांचं भरतकाम इदाल्गो राज्यातल्या ओतोमी आदिवासी बायकांनी १९६० च्या दशकात दुष्काळात पीक बुडालं तेव्हा विकण्यासाठी सुरू केलं. नक्षी जुनी, टाका जुना. विकण्याची वेळ मात्र नवी.

वहिनीचा माग तिच्या मुलाच्या पैशांतून आला होता. तो एकोणिसाव्या वर्षी सीमा ओलांडून गेला आणि लॉस एंजेलिसमधल्या एका रेस्टॉरंटच्या मुदपाकखान्यात लागला. तियाला अमेरिकेच्या १९८६ च्या माफीच्या कायद्यात राहण्याचे कागद मिळाले होते. त्या वेळी २७ लाख लोक कायदेशीर झाले. म्हणून ती बॅगा भरून येते-जाते. भाचा उशिरा गेला, त्याला कागद नाहीत. पूर्वी माणसं हंगामाला जायची आणि सणाला परत यायची. १९९४ नंतर सीमेवर भिंती आणि पहारे वाढत गेले तसं परत येणं परवडेना. परतताना पकडले गेलो तर? म्हणून जे तिकडे होते ते तिकडेच राहिले. आईनं मुलाला फोनच्या पडद्याबाहेर पाहून तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

मी तिला विचारलं, माझ्या तापेतेचे पैसे कशात गेले? विचारायचा मला अधिकार नव्हता, पण आपण भारतीय विचारतो. ती म्हणाली, "त्याच्या कार्गोत."

हे मला समजायला वेळ लागला. वाहाका राज्यात ५७० नगरपालिका आहेत आणि त्यांतल्या ४०० हून अधिक आपले कारभारी पक्षांच्या निवडणुकीनं नव्हे, तर गावसभेत रूढीप्रमाणे निवडतात. आपल्या जुन्या गावकीसारखंच. प्रत्येकाला पाळीनं गावाचं काम करावं लागतं, बिनपगारी: कधी देवळाच्या समितीवर, कधी पाण्याच्या, कधी रात्रीच्या राखणीला. त्याला कार्गो म्हणतात. कार्गो म्हणजे ओझंही आणि पदही. पाळी चुकवली तर माणूस गावात राहतो फक्त नावाला. मुलाची पाळी आली तेव्हा तो येऊ शकत नव्हता. म्हणून आईनं तापेते विकून त्याच्या बदल्यात उभा राहणारा माणूस ठेवला.

म्हणजे फलक उलटा होता. मी कुठल्या स्थलांतरिताच्या कुटुंबाला आधार दिला नव्हता. कुटुंबच स्थलांतरिताला आधार देत होतं. मुलानं माग घेऊन दिला आणि त्याच मागावर आईनं गावातली त्याची जागा राखली. डॉलर दक्षिणेकडे येतात हे सगळे मोजतात. २०२४ साली ते ६,४०० कोटी डॉलरहून अधिक होते, आणि या बाबतीत मेक्सिकोच्या पुढे जगात फक्त भारत आहे. दक्षिणेतून उत्तरेकडे काय जातं, ते कुठल्याही बँकेच्या खात्यावर चढत नाही.

माझी आजी वेंगुर्ल्याजवळ सुंभ वळायची. आजोबा परळच्या गिरणीत. सगळा गाव म्हणायचा, घर मनिऑर्डरीवर चालतं. पोस्टमन यायचा तेव्हा आजी पदर सारखा करून अंगठा उठवायची, तो माझ्या आईनं पाहिलेला. पण त्या मनिऑर्डरीतले थोडे पैसे नारळाच्या सोडणांना जायचे, सुंभ विकून आलेल्या पैशांत आईच्या शाळेची फी निघायची, आणि गिरणीत संप झाला की त्या महिन्यात आजीच आजोबांना पैसे धाडायची. हे आईनं मला वाहाकाहून परतल्यावर सांगितलं. मी विचारलंच नव्हतं तोवर.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. दोन वर्षांनी एका मोठ्या दुकानात मला अगदी तीच पायऱ्यांची नागमोड दिसली. एकोणचाळीस डॉलर. नावाची चिठ्ठी 'झापोतेक'. हात लावला तर लोकर खरखरीत, रंग एकसुरी. उलटून पाहिलं तर 'मेड इन इंडिया'. पानिपत असेल, भदोही असेल, तिथलाही कुणीतरी मागावर बसला असेल आणि त्याला या एकोणचाळीसातले किती पडले असतील, देव जाणे. त्याच्यावर मला राग धरता आला नाही. तियाला सांगितलं तर ती म्हणाली, हे जुनंच आहे. एके काळी अमेरिकन व्यापारी त्यांच्याच गावात येऊन नावाहो या अमेरिकेतल्या आदिवासींच्या नक्ष्या स्वस्तात विणून घ्यायचे, कुणी पिकासोची चित्रंसुद्धा. "तेव्हा आम्ही नकली होतो," ती हसत म्हणाली. मेक्सिकोनं २०२२ साली आदिवासी समूहांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी कायदा केला. तरी २०२५ मध्ये आदिदासला वाहाकाच्या यालालाग गावच्या वहाणांची नक्कल केल्याबद्दल माफी मागावी लागली. मोठ्या कंपनीची चोरी पकडता येते. एकोणचाळीस डॉलरच्या सतरंजीमागे मात्र कुणाला धरायचं?

२०२४ च्या वसंतात तियानं मला नातीच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला बोलावलं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी बेसनाचे साठ लाडू करून नेले. दारात एक तरुण पोरगी शाळेची रेघी वही घेऊन बसली होती. तिनं माझं नाव विचारलं, डबा उघडून लाडू मोजले आणि लिहून घेतलं. मला हसूच आलं. आमच्याकडे लग्नात मांडवाच्या कोपऱ्यात कुणी काका बसतात, तसंच हुबेहूब. आहेराची वही! याला झापोतेक लोक 'गेलागेत्सा' म्हणतात. त्याच नावाचा जुलैतला नाचगाण्यांचा मोठा सोहळा प्रवासी पाहायला जातात, पण मूळ अर्थ हा वहीतला. तुझ्या घरी कार्य निघालं की मी टर्की देईन, मक्याच्या भाकऱ्या देईन, बिअरची खोकी देईन. ते लिहिलं जाईल. माझ्या घरी कार्य निघालं की तितकंच परत येईल. आई-बापाची देणी मुलांच्या वहीत उतरतात. मी तियाला म्हटलं, अगं, ही भेट होती. ती म्हणाली, "हो ना, म्हणूनच लिहिली."

२०२५ च्या जूनमध्ये आमच्या शहरात धाडी सुरू झाल्या. कामावरून, दुकानांच्या वाहनतळांवरून माणसं उचलली जाऊ लागली, रस्त्यांवर नॅशनल गार्ड आले. कोपऱ्यावरची फळांची गाडी दिसेनाशी झाली. तियाचा भाचा कामावर जायचा थांबला. जुलैमध्ये नवा कायदा आला: २०२६ पासून रोख भरून परदेशी पैसे पाठवले की एक टक्का कर. मी पुण्याला आईला पैसे पाठवते ते बँकेच्या खात्यातून, मला तो लागू नाही. ज्याचं खातं नाही, जो खिडकीवर नोटा मोजून देतो, त्यालाच लागू.

ऑगस्टच्या अखेरीला गणपती आले. तियाला बोलावलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. तिच्याकडे कागद आहेत, तरी त्या दिवसांत कागद असलेलेही घरातच बसत होते. आरतीच्या सुमाराला बेल वाजली. ती उभी होती. डोक्याला रुमाल, हातात कापडात गुंडाळलेला मोठा डबा, वाफ अजून येत होती. तामालेस, मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले. माझ्या सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तामालेसमध्ये डुकराची चरबी घालतात हे त्यांना ठाऊक झालेलं होतं. तियानं ते पाहणं पाहिलं आणि म्हणाली, "तेलात केलेत. आत मिरची आणि चीज. देवाला चालेल." मग टेबलावर तिनं डबा उघडला आणि एकेक करून मोजायला लागली. मी म्हटलं, मोजतेस कशाला? ती थांबली नाही. साठ भरले.

देव्हाऱ्यापुढे चटई म्हणून तिच्या वहिनीचं तापेते पसरलं होतं. त्यावर बसून तिनं आरती ऐकली, टाळ्या आमच्या एक ठोका मागं. प्रसाद घेतला. निघताना पायात बूट घालता घालता विचारलं, "मिहा," म्हणजे पोरी, "लिहिलंस का?"

"काय?"

"तामालेस. तुझी वही कुठाय?"

माझ्याकडे वही नव्हती. सासूबाई आत गेल्या आणि गुरुजींच्या दक्षिणेचा हिशेब लिहायची त्यांची जुनी डायरी घेऊन आल्या.